ट्रॅक्टर गरम होतोय? हेड उतरवण्याआधी या रेडिएटरवाल्याकडे जा

ट्रॅक्टर गरम होतोय म्हटलं की आमच्या राहुरी भागात दोन सल्ले फुकट मिळतात. कट्ट्यावरचे म्हणतात, थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत ते रेडिएटरकडे न सोडणारी झडप) काढून फेक. गॅरेजवाले म्हणतात, हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, उतरवावं लागेल. आमच्या ट्रॅक्टरचा थर्मोस्टॅट आधीच काढून फेकलेला होता आणि हेडचं एस्टिमेट माझ्या खिशात होतं. गॅसकीट (हेडखालचं पॅकिंग), हेडचं फेसिंग (तळ सपाट करणं), खोलजोड, ऑइल, सगळं धरून अठरा-वीस हजार. गॅसकीट गेली हे कशावरून ठरवलं, असं विचारल्यावर ‘एवढ्या जुन्या ट्रॅक्टरला दुसरं काय असणार’ एवढंच उत्तर मिळालं. पैसे द्यायला माझी ना नाही, पण कशाचे देतोय ते तरी कळायला हवं. म्हणून हेडला हात न लावता ट्रॅक्टर घेऊन मी नगर-मनमाड रस्त्यालगतच्या या रेडिएटरवाल्याकडे गेलो.

दुकानाला पाटी नाही, त्यामुळे नाव लिहिता येत नाही. पत्र्याची शेड, पुढे सिमेंटचा हौद, भिंतीला टेकवून ठेवलेले जुने रेडिएटर आणि झाळकामाच्या (सोल्डरिंगच्या) ॲसिडचा घशात बसणारा वास, एवढ्या खुणा पुरतात. मालकांना सगळे चाचा म्हणतात. साठीच्या पुढचे असावेत. हाताखाली त्यांचा मुलगा आणि एक पोरगा.

आधी ट्रॅक्टरबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. लाल, चार सिलिंडरचा, 45 एचपीच्या आसपासचा, आबांनी 2001 साली घेतलेला. कंपनीचं नाव देत नाही, कारण यात कंपनीचा दोष काही नाही. रेडिएटर तांब्या-पितळेचा, मूळचाच. तक्रार अशी की ट्रॉली घेऊन रस्त्याने गेला की तापमानाचा काटा मध्यावर, पण रोटा (रोटाव्हेटर) जोडून खोडव्याच्या रानात घातला की अर्ध्या तासात काटा लालच्या कडेला. थांबून बघावं तर ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी फेकलेलं. पुतण्या दरवेळी इंजिन थंड करून बोअरचं पाणी भरायचा आणि पुन्हा रान धरायचा.

चाचांची पहिली गोष्ट मला आवडली ती ही की पाना हातात घेण्याआधी ते प्रश्न विचारतात. आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसतात, जे आमच्याकडच्या मिस्त्री लोकांत दुर्मिळ आहे. नुसता उभा चालू असतानाही तापतो का? चढत चढत तापतो की काटा एकदम उडतो? पाणी रोज कमी होतं की फक्त तापल्यावर? सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर वरचा होज, म्हणजे रेडिएटरचा रबरी पाइप, लगेच टणक होतो का? धूर काळा की पांढरा? ऑइलच्या कांडीवर दुधाळ साय दिसते का? शेवटी, ‘भाऊ, याच्याआधी कुणी काय काय खोललं, ते लपवू नका.’

प्रत्येक प्रश्नामागे कारण होतं आणि विचारलं की ते सांगतात. उभ्या-उभ्याच तापत असेल तर पंखा, पट्टा किंवा जाळीकडे बघायचं. काटा एकदम उडून पुन्हा खाली येत असेल तर आत हवा अडकलीय किंवा थर्मोस्टॅट चिकटतोय. थंड इंजिन चालू करताच होज टणक होत असेल तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतोय, म्हणजे गॅसकीट किंवा हेडला चीर. आणि आमच्यासारखा, लोडवर हळूहळू चढणारा असेल तर इंजिन तयार करतंय तेवढी उष्णता बाहेर टाकली जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी हेड सगळ्यात शेवटी.

मग त्यांनी काट्यावरच संशय घेतला. सेन्सरची वायर काढली, काटा थंडावर पडला. वायर बॉडीला टेकवली, काटा गरमच्या टोकाला गेला. म्हणजे काटा आणि वायर ठीक. पण सेन्सर खरं सांगतोय की नाही हे त्यावरून कळत नाही, म्हणून त्यांनी ती पिस्तुलासारखी थर्मामीटर गन काढली. आता ही गन ऑनलाइन हजार-दीड हजारात कुणालाही मिळते, त्यात विशेष काही नाही. विशेष हे की ती वापरायची कशी ते यांना माहीत आहे. चकचकीत पितळेवर किंवा घासलेल्या धातूवर ती गन कमी तापमान दाखवते. म्हणून त्यांनी वरच्या टाकीवर, खालच्या टाकीवर आणि थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या पेंटचा एकेक ठिपका मारला आणि गन फक्त त्या ठिपक्यांवर धरली. माझ्याकडेही घरी तशीच गन पडून आहे, पण ठिपक्याची गोष्ट त्या दिवसापर्यंत कुणी सांगितली नव्हती.

पण शेडमध्ये उभा ट्रॅक्टर किती तापणार? लोड पाहिजे. त्याची सोय चाचांनी मस्त केलीय. दुकानामागे शेजाऱ्याचं पडीक रान आहे. ज्याला लोडची तक्रार आहे त्याने रोटा किंवा फण जोडूनच यायचं आणि त्या रानात फिरवायचा. शेजाऱ्याची वर्षाची मशागत यातच निघत असणार, आणि तो डिझेलचे पैसे देत नाही हे उघड आहे. माझी तक्रार नाही. फक्त येताना टाकी भरून आणा.

रान धरून वीसेक मिनिटं झाल्यावर चाचांचा मुलगा मडगार्डवरून उतरला, इंजिन चालूच ठेवून बॉनेट उघडलं आणि गन धरली. वरची टाकी 97 अंश, खालची 66. मला वाटलं रेडिएटर झकास काम करतोय, एकतीस अंश उतरवतोय! चाचा हसले. चांगल्या रेडिएटरमध्ये पाण्याचा लोंढा मोठा असतो, त्यामुळे वर-खाली फरक थोडाच, आठ-दहा अंशांचा पडतो. फरक एवढा मोठा असेल तर त्याचा अर्थ पाणी रेंगाळतंय, थेंबाथेंबाने खाली उतरतंय. उलट फरक अगदीच नसता आणि दोन्ही टाक्या तापलेल्या असत्या, तर पाणी नीट फिरतंय पण हवा मिळत नाही असं समजायचं. मग पंखा, पट्टा, जाळी, पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं तपासायचं. या एका आकड्याने अर्धी यादी बाद झाली.

नंतर त्यांनी गन रेडिएटरच्या जाळीवर आडवी फिरवली. मधला पट्टा गरम, उजवीकडचा जवळजवळ तिसरा हिस्सा हात ठेवता येईल इतका कोमट. त्या भागातल्या नळ्यांतून पाणीच जात नव्हतं.

इथे दुसऱ्या कुणी ‘रेडिएटर बदला’ म्हणून विषय संपवला असता. चाचांनी ॲक्सिलरेटर ओढायला सांगितला आणि मला वाकून खालचा होज बघायला लावला. या परीक्षणात एकच दृश्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. इंजिन मंद चालू असताना होज गोल, जाड, ठणठणीत. रेस वाढवली, रोटा चालवताना ठेवतो तेवढी, तशी होजची मधली बाजू हळूहळू आत बसायला लागली आणि बघता बघता तो पायाखाली आलेल्या पाइपासारखा चपटा झाला. रेस सोडली की पुन्हा गोल. बाहेरून चीर नाही, गळती नाही. गॅरेजमध्ये ट्रॅक्टर मंद चालवून बघितला तर हे दिसणारच नाही.

का होतं ते त्यांनी तिथेच उभं राहून समजावलं. वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, खालच्या होजमधून पाणी ओढतो. रेडिएटर तुंबलेला असला की त्याला हवं तेवढं पाणी मिळत नाही, मग तो ओढ वाढवतो आणि ओढ होजवर येते. कित्येक होजच्या आत तारेची स्प्रिंग असते ती याचसाठी. आमच्या होजमधली गंजून संपलेली, नंतर होज काढल्यावर तिचे दोन तुकडे हाताला लागले. शिवाय होजचं रबर उष्णतेने मऊ झालेलं. आणि तिसरं कारण वर टोपणात होतं.

टोपण तपासायला त्यांच्याकडे घरगुती यंत्र आहे. जुन्या रेडिएटरचं नुसतं तोंड कापून त्याला खालून पत्रा झाळलाय, बाजूला सायकलचा वॉल आणि एक प्रेशर गेज बसवलंय. टोपण वर लावायचं, पंपाने हवा मारायची, किती दाबाला टोपण फुस्स करतं ते बघायचं. आमच्या टोपणावर 0.5 कोरलेलं, म्हणजे अर्धा बार दाब धरायला हवा. ते 0.2 च्या आतच सोडत होतं. राहुरी समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी शंभर अंशांच्या थोडं आधीच उकळतं. अर्धा बार दाब असला तर तेच पाणी साधारण 110 अंशांपर्यंत उकळत नाही. तेवढी सवलत टोपणामुळे मिळते. टोपण सैल असलं की सवलत गेली, पाणी लवकर उकळलं, वाफ झाली, नळीतून बाहेर फेकलं गेलं. आणि दाब आतून होजला फुगवून धरतो, तोही आधार गेला. रेडिएटर तुंबलेला, होज मऊ, टोपण नावाला. तिन्ही एकमेकांना सामील.

गॅसकीटचं काय? ते त्यांनी सोडलं नाही, कारण माझ्या खिशातली चिठ्ठी त्यांना दाखवली होती. ट्रॅक्टर रात्रभर तिथेच ठेवला. सकाळी थंड इंजिनवर फॅन बेल्ट काढला, म्हणजे पंप पाणी घुसळणार नाही. रेडिएटर तोंडापर्यंत भरला, टोपण उघडं ठेवलं, इंजिन चालू केलं आणि आम्ही दोघं तोंडात डोकावून बघत बसलो. गॅसकीट गेलेली असेल तर पाण्यात बुडबुड्यांची माळ लागते, रेस दिली की वाढते. पाणी शांत होतं. सुरुवातीला एक-दोन बुडबुडे आले ते अडकलेल्या हवेचे, मग काही नाही. पट्टा नसल्यामुळे मिनिट-दीड मिनिटातच इंजिन बंद केलं, जास्त चालवायचं नसतं. ऑइलची कांडी स्वच्छ, पांढरा धूर नाही. अठरा-वीस हजारांचा प्रश्न एवढ्यात निकाली निघाला. या तपासणीचे त्यांनी पैसे लावले नाहीत.

आता काम. रेडिएटर उतरवला आणि वरची टाकी गॅसच्या जाळाने झाळ वितळवून काढली. आतल्या नळ्यांची तोंडं मी मोबाइलच्या उजेडात बघितली. मधल्या नळ्या उघड्या होत्या, उजवीकडच्या पांढऱ्या-तपकिरी थराने पार बुजलेल्या. नखाने खरवडलं तर खडूसारखी पूड निघाली. बोअरचं पाणी! आमच्या भागात मुळा कालव्याच्या खाली वर्षानुवर्षं उसाला पाणी दिलं जातंय, कित्येक विहिरी-बोअरचं पाणी जड झालंय. तापलं की त्यातले क्षार सुटतात आणि जिथे सगळ्यात गरम आणि अरुंद जागा तिथे बसतात. दरवेळी पाणी फेकायचं, दरवेळी नवं बोअरचं पाणी भरायचं, म्हणजे दरवेळी क्षारांचा नवा हप्ता. जितका तापेल तितकं पाणी घाला, जितकं पाणी घालाल तितका तापेल.

मग रॉड मारणं. पातळ चपट्या पोलादी पट्ट्या असतात, नळीच्या मापाच्या. एकेका नळीत वरून घालून आतबाहेर करायच्या. पोरगा मन लावून करत होता आणि चाचा शेजारी बसून नुसता आवाज ऐकत होते. पट्टी मोकळी गेली तर सर्रकन, अडली तर खरखर. जिथे जास्त खरखर झाली तिथे ‘हळू, फाडशील’ असं ओरडायचे. दोन नळ्या खरंच गळक्या निघाल्या, त्यांची दोन्ही तोंडं झाळून बंद केली. दोन-तीन नळ्या बंद केल्याने फरक पडत नाही, दहा-बारा करायची वेळ आली तर नवा कोअर (नळ्यांचा मधला भाग) घ्या, असं त्यांचं मत. नंतर टाकी परत झाळली, तोंडं बंद करून रेडिएटर हौदात बुडवला आणि हवा भरून बुडबुडे शोधले. हौद त्याच्यासाठी आहे.

तोवर त्यांच्या मुलाने इंजिनचं पाणी काढायला ब्लॉकचा, म्हणजे इंजिनच्या धडाचा, कॉक उघडला. थेंब नाही. मला वाटलं ब्लॉक रिकामाच आहे. त्याने तार घालून खुपसलं तेव्हा आधी गंजाचा चिखल पिळल्यासारखा आला, मग फसकन लालभडक पाणी. मागच्या सिलिंडरच्या भोवती हा चिखल साठतो, कारण तिथे पाण्याची हालचाल कमी. रेडिएटर साफ करून ब्लॉक तसाच ठेवला तर चार दिवसांत हाच चिखल वर येऊन नळ्यांत बसेल. म्हणून लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, गरम पाण्यात विरघळवून ब्लॉकमध्ये फिरवलं आणि मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं. बराच वेळ गेला त्यात. मी कंटाळलो, ते नाही कंटाळले.

थर्मोस्टॅट नवा बसवला. मी म्हटलं, चाचा, राहू द्या ना, आपल्याकडे थंडी कुठे पडते. त्यावर चांगलंच ऐकून घ्यावं लागलं. थर्मोस्टॅट नसला की सकाळच्या पाळीला, हलक्या कामाला इंजिन नीट तापतच नाही. डिझेल इंजिन थंड चाललं की डिझेल अर्धवट जळतं, ऑइलमध्ये उतरतं, सिलिंडर आणि रिंगा झिजतात. काही इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर बायपासचा रस्ता बंद करतो. तो काढला की थोडं पाणी रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात फिरतं, म्हणजे लोडवर उलट नुकसान. ‘पाणी जोरात फिरलं की त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही’ असंही कट्ट्यावर सांगतात, ते चाचांना मुळीच पटत नाही. बसवण्याआधी नवा थर्मोस्टॅट पातेल्यात दोऱ्याने टांगून, शेजारी थर्मामीटर ठेवून उकळून दाखवला. त्यावर 82 कोरलेलं, 82-83 ला तोंड किलकिलं झालं आणि नव्वदीच्या पुढे गेल्यावर पूर्ण उघडलं. नवा माल असा उकळून बघणारा दुकानदार मी तरी दुसरा बघितला नाही. त्यांचं म्हणणं, नव्यातही चिकटलेले निघतात.

भरायला बोअरचं पाणी चालणार नाही हे ओघानेच आलं. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. कूलंटमुळे गंज थांबतो आणि उकळायचं तापमानही काही अंशांनी वाढतं. एक सूचना माझ्याकडून, कारण आमच्या दारात गाई आहेत. बहुतेक कूलंट चवीला गोड आणि पक्कं विषारी असतं. काढलेलं कूलंट दावणीजवळ, नालीत ओतू नका, कुत्री आणि वासरं चाटतात. याच मुद्द्यावर दुकानाला माझा एक तारा कमी आहे. कूलंट ते कॅनमध्ये काढतात, पण झाळकामाचं ॲसिडचं पाणी सरळ मागच्या चरात सोडतात. मी बोललो. ‘बघतो’ म्हणाले.

बिल. रॉड मारणं आणि टाकी झाळणं 2,200, खोलजोड 500, थर्मोस्टॅट 450, खालचा होज 350, टोपण 180, कूलंट आणि पाणी मिळून 1,100. म्हणजे 4,780. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या कागदावर लिहून देतात. सुटे भाग ते ठेवत नाहीत, चिठ्ठी देतात आणि आपण बाजारातून आणायचे. मला हे बरं वाटलं, मध्ये कुणाचं कमिशन नाही. घाईतल्या माणसाला मात्र वैताग येईल. गॅरंटी तोंडी. सावली फक्त कामाच्या ट्रॅक्टरला, माणसाने लिंबाखाली बसायचं. चहा येतो, फार गोड असतो.

तुमचा रेडिएटर नव्या पद्धतीचा, ॲल्युमिनियमचा आणि प्लास्टिकच्या टाकीचा असेल तर इथे येऊन उपयोग नाही. तो झाळता येत नाही, रॉडही मारता येत नाही, ते स्वतःच परत पाठवतात. डिझेल पंपाला, नोजलला हात लावत नाहीत. पण गरम होण्याचं कारण तिथे असेल तर ओळखतात. मी बसलो होतो तेव्हा एक निळा ट्रॅक्टर आला होता, पंप खोलून बसवल्यापासून तापतो म्हणून. रेडिएटर बघितला, ठीक निघाला. टायमिंग (डिझेल सोडायची वेळ) मागे राहिलं असणार, पंपवाल्याकडेच परत जा आणि खुणा जुळवून घे, असं सांगून त्याला फुकट परत पाठवला. दुसऱ्या एकाचा पंखाच उलटा बसवलेला होता, वॉटर बॉडीचं काम करताना कुणीतरी. पंखा उलटा बसवला तरी हवा त्याच दिशेने जाते, पण फार कमी जाते, त्यामुळे हात लावून बघितलं तर वारा लागतो आणि शंका येत नाही. ते पात्यांचा बाक बघून लांबूनच ओळखतात.

आणखी एका गोष्टीसाठी मी हे दुकान शिफारस करीन. ते निघताना काय करायचं नाही ते बजावतात, आणि माझ्यापेक्षा ड्रायव्हरला बजावतात. पुतण्याला समोर उभं करून सांगितलं. काटा लालकडे गेला तर रोटा उचल, लोड काढ, पाणी शिल्लक असेल तर इंजिन मंद चालू ठेव, पंखा आणि पंप त्याला उतरवतील. झटकन बंद केलंस तर आतलं पाणी जिथल्या तिथे उकळेल. पाणी संपलेलं असेल तर मात्र तत्काळ बंद. टोपण गरम असताना उघडायचं नाही, गोणपाट टाकूनही नाही. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतायचं नाही, हेडला चीर जाते, मग खरोखरच अठरा-वीस हजार. आणि पाचटाची कुट्टी केली असेल तर रोज संध्याकाळी पुढची जाळी काढून झटकायची, रेडिएटर इंजिनच्या बाजूने पुढे असा धुवायचा, साध्या नळीने. सर्व्हिसिंगच्या प्रेशरने मारला की पातळ पत्र्या वाकतात आणि वाकलेल्या जागी हवाच जात नाही.

काम होळीच्या सुमारास केलं. नंतरचा पूर्ण उन्हाळा ट्रॅक्टर रोट्याला होता, मे महिन्यात बाहेर 41-42 अंश असताना दुपारीसुद्धा. घरच्या गनने, त्याच काळ्या ठिपक्यांवर, वरची टाकी 88 आणि खालची 79 दाखवते. ओव्हरफ्लोच्या बाटलीतली पातळी खुणेवरून हललेली नाही.

जायचं असेल तर ऊस तोडणीच्या आधी जा. दसरा उलटला की कारखान्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागते आणि मग चाचा फोन उचलत नाहीत. शुक्रवारी दुपारी बंद असतं, रविवारी चालू. सकाळी इंजिन थंड असताना पोचाल असं निघा, किंवा रात्री ट्रॅक्टर तिथेच लावायची तयारी ठेवा, कारण बुडबुड्यांची तपासणी गरम इंजिनवर ते करत नाहीत. रोटा जोडून न्या. टाकी भरलेली असू द्या.